माळावरचा वणवा आणि मुद्दाम लावलेली आग : बारामती-इंदापूरच्या गावांनी काय माहीत ठेवावं

बारामती / इंदापूर : वनखात्याच्या हिशोबात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. आपल्याकडे त्याची चाहूल आधीच लागते. सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी या बाजूचं गवत जानेवारीतच सोनेरी होतं, आणि तेव्हाच नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऊसतोड जोरात असते. म्हणजे वरच्या माळावर वाळलेलं गवत आणि खाली बागायतीत वाळलेलं पाचट. दोन्हीकडे काडीची वाट बघत असलेलं जळण.

आगीबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं आहेत. एक म्हणतं, माळ जाळला की पावसाळ्यात गवत जोमानं येतं. दुसरं म्हणतं, आग म्हणजे नुसतं वाटोळं. शास्त्र या दोन्हींच्या मधे कुठेतरी उभं आहे, आणि ते समजून घेणं मेंढपाळापासून डाळिंबवाल्यापर्यंत सगळ्यांच्या कामाचं आहे.

गवत एवढ्या पटकन का पेटतं

जळणाची जाडी जितकी कमी, तितकं ते लवकर वाळतं आणि लवकर पेटतं. आगीचा अभ्यास करणारे बारीक गवताला 'एक तासाचं इंधन' म्हणतात. म्हणजे हवेतला ओलावा बदलला की तासाभरात गवतही तसंच होतं. पहाटे दव असताना जे गवत धुमसून विझतं, तेच दुपारी दोनला भडकतं. बाभळीच्या ओंडक्याला असं व्हायला कित्येक दिवस लागतात. म्हणून कालच वळवाचा शिडकावा झाला, आज काही पेटणार नाही, हा अंदाज गवताच्या बाबतीत फसतो. कडक ऊन आणि वारं असेल तर अर्धा दिवस पुरतो.

बाकी दोन गोष्टी म्हणजे वारा आणि चढ. चढाकडे जाणारी आग पुढचं गवत आधीच तापवत जाते. ढोबळ हिशोब असा, की चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. टेकडीवर आग खालून वर येत असेल तर वर पळू नये, हे यासाठीच.

आणि सुरुवात कुठून होते? आकाशातून नाही. बांध पेटवला आणि वारं फिरलं, रस्त्याकडेला कचरा जाळला, मोहोळ झाडायला धूर केला, विडी तशीच टाकली, लोंबकळणाऱ्या तारा एकमेकींना घासल्या. आपल्या भागातली बहुतेक आग माणसाच्या हातची असते, आणि बऱ्याचदा ती लावणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं.

माळ जाळल्यानं गवत वाढतं का?

जळालेल्या माळावर हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरं आहे. पण ते राखेमुळे नव्हे. गवताच्या मुळाशी साठवलेलं अन्न असतं, त्यावर ते फुटतं. वरचं वाळकं आवरण गेल्यानं ऊन बुडख्यापर्यंत पोचतं आणि कोंब डोळ्याला दिसतात. गवतातलं नत्र मात्र बरंचसं धुरासोबत उडून जातं. एप्रिलमध्ये जाळलं आणि जूनपर्यंत पाऊस आला नाही, तर फुटलेला कोंब उन्हात करपतो आणि मुळाची शिल्लक वाया जाते. त्यात वळीव आला तर उघड्या जमिनीवरची माती ओढ्यात. वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात वाळक्या गवताचं आच्छादन म्हणजे ओल धरणारं पांघरूण असतं, ते जाळून टाकणं परवडत नाही.

मेंढरंवाल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. कुसळी गवताचं बी पिळदार शेपटीच्या जोरावर स्वतःला मातीत खुपसून घेतं. वरून आग गेली तरी ते खाली वाचतं. दरवर्षी जाळत राहिलं की कुसळीला रान मोकळं मिळतं, आणि मारवेल, पवन्यासारखी चांगली चाऱ्याची गवतं मागे पडतात. कुसळ लागण्याआधी कुसळीही जनावर खातं, पण नंतर तीच कुसळं मेंढरांच्या तोंडाला टोचतात आणि लोकरीत अडकतात. चाऱ्यासाठी म्हणून लावलेली आग अशी चाऱ्यावरच उलटते.

माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल, हाही एक गैरसमज आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य चाळून, त्यात आलेल्या काटेरी झाडांच्या आणि गवतांच्या उल्लेखांवरून दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातली गवताळ राने शेकडो वर्षं जुनी आहेत. हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. माळ हा माळच आहे. गुरं, मेंढरं आणि अधूनमधून आग हे सगळं त्यानं पाहिलेलं आहे. प्रश्न आग लागली का हा नाही, ती कधी, किती वेळा आणि किती मोठी लागली हा आहे.

मुद्दाम लावलेली आग म्हणजे काय

इथं नियोजित आगीचा विषय येतो. ठरवून, वारा-ओलावा बघून, चारी बाजूंनी पट्टे मोकळे करून, माणसं उभी करून, थोडं क्षेत्र जाळणं. उन्हाळ्यात मोठा वणवा लागला तर त्याला खायला जळणच उरू नये, हा त्यामागचा हेतू. काझीरंगात हिवाळ्यात उंच गवताचे पट्टे दरवर्षी असे जाळले जातात, नाहीतर गेंड्याचं कुरण झाडाझुडपांनी व्यापून जाईल. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांवरचे सोलिगा आदिवासी पूर्वी कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला पालापाचोळ्याला हलकी आग देत. १९७४ मध्ये तिथं अभयारण्य झालं आणि ही प्रथा बंद पडली. ती बंद झाल्यावर घाणेरी माजली, असं सोलिगांचं म्हणणं आहे.

अमेरिकेनं याचा उलटा धडा घेतला. १९३५ मध्ये तिथल्या वनखात्यानं नियम केला, की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. कित्येक वर्षं प्रत्येक आग विझवली, आणि रानात जळण साठत गेलं. मग जे वणवे लागले ते कुणाला आवरेनात. पुढे तिथं आगीचं शास्त्र रान सांभाळणाऱ्यांपर्यंत नेण्यासाठी प्रदेशवार जाळी उभी केली गेली. त्याहून आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट तिथल्या मधल्या गवताळ राज्यांत चालते. कुरणवाले एकत्र येऊन गट करतात, पाण्याच्या टाक्या आणि अवजारं सामाईक ठेवतात, आणि आज तुझं कुरण, उद्या माझं असं करत ठरवून आग लावतात. आपली सावड किंवा इर्जिक म्हणा ना.

पण हे वाचून कुणी उद्या काडी घेऊन माळावर जाऊ नये. आपल्याकडे राखीव वनात आग लावणं, किंवा वनाला धोका होईल अशी आग पेटवणं वा तशीच सोडणं, हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. याच कलमात एक तरतूद अशी आहे जी गावाला फारशी माहीत नसते. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं लागली असेल, तर शिक्षा झाली तरी त्याउपर सरकार त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ थांबवू शकतं. म्हणजे काडी एकानं लावायची आणि चराई सगळ्यांची बंद. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० लागू आहे, तिथं आग लावायला बंदीच. दुसरीकडे कलम ७९ प्रमाणे, ज्यांना वनात चराईचा किंवा वनोपजाचा हक्क वा परवानगी आहे, त्यांच्यावर आगीची खबर देण्याची आणि विझवायला मदत करण्याची जबाबदारी आहे.

जाळरेषा : आपली देशी पद्धत

वनखातं स्वतः जे करतं ते म्हणजे जाळरेषा. वनाच्या हद्दीवर आणि आतल्या वाटांवर ठरावीक रुंदीचा पट्टा आखायचा, त्यातलं गवत कापून वाळू द्यायचं, आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी वारा पडलेला असताना देखरेखीखाली जाळायचं. हे काम १५ फेब्रुवारीच्या आत उरकणं अपेक्षित असतं. पट्टा काळा झाला की पुढची आग तिथं येऊन उपाशी मरते.

आपल्या तालुक्यांत मला जाळण्यापेक्षा कापणं जास्त पटतं. गवत कापलं तर चारा मिळतो, धूर होत नाही. आणि माळावर राहणाऱ्यांचाही विचार करावा लागतो. लांडगीण हिवाळ्यात पिलं देते, ती बिळात असतात. टिटवी, धाविक, चंडोल उन्हाळ्यात जमिनीवरच अंडी घालतात. चिंकारा पळून जाईल, अंडी पळत नाहीत. शिर्सुफळ आणि कडबनवाडीला वनखात्यानं गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. माळ शाबूत असेल तरच त्यातून गावाला चार पैसे मिळतील. वनातलं गवत कापून नेता येईल का, हे आपल्या बीटाच्या वनरक्षकाला किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीला दिवाळीनंतर लगेच विचारावं, मार्चमध्ये नाही.

स्वतःच्या रानाचं संरक्षण मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. माळाला लागून असलेल्या बांधाच्या आतून दहा-बारा फुटांचा पट्टा नांगरून ठेवा. कडब्याची गंजी तारांखाली आणि रस्त्यालगत नको. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावरच्या गवतात टाकायची सवय सोडा, एका आगीत एकरभराच्या नळ्यांचा गोळा होतो.

पाचटाचं काय करायचं

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. ते जाळलं की रान एका तासात मोकळं होतं, मजूर वाचतात, खोडव्याला पाणी लवकर देता येतं. हे फायदे खोटे नाहीत, म्हणून तर लोक जाळतात. पण सेंद्रिय कर्ब आणि नत्र त्या एका तासात जातं आणि ठिणगी शेजाऱ्याच्या उभ्या उसात.

कुजवायची शिफारस साधी आहे. बुडख्यावरचं पाचट सरीत ओढायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, आणि हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन शेणखतात मिसळून पाचटावर टाकायचं. मग पाणी. पाचट मातीला चिकटलं पाहिजे, वर फुगून राहिलं तर ते कुजत नाही आणि आगीचा धोकाही तसाच राहतो. पहिलं पाणी होईपर्यंत कडेच्या दोन-तीन सऱ्या मोकळ्या ठेवलेल्या बऱ्या. माळेगाव खुर्दच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेनं खोडव्यासाठी 'सॉर्फ' नावाचं ट्रॅक्टरचं यंत्र तयार केलं आहे. बुडखे छाटणं, बगला फोडणं, जुनी मुळं तोडणं आणि खत पेरणं ही कामं ते पाचट न जाळता एका फेरीत करतं. प्रत्येकानं विकत घ्यायची गरज नाही, गटानं भाड्यानं फिरवण्यासारखं ते अवजार आहे.

तारांमुळे ऊस पेटला तर आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, मग महावितरण, तलाठी आणि पोलीस पाटलाला कळवा. पंचनामा आणि विद्युत निरीक्षकाचा अहवाल यांच्याशिवाय भरपाईचा अर्ज पुढे सरकत नाही. कारखान्यालाही त्याच दिवशी सांगा. जळीत ऊस जितका उभा राहील तितकं वजन आणि साखर उतरते, शिवाय काही कारखाने जळीत उसाला कपात लावतात.

फोनवर काय मिळतं

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे ठिपके पकडते आणि नोंदणी केलेल्या मोबाईलवर फुकट संदेश पाठवते. यासाठी सरकारी नोकर असावं लागत नाही. गावातल्या दोघा-तिघांनी नोंदणी केली आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठिपका टाकला तरी पुष्कळ. पण त्याची मर्यादा ओळखा. एक उपग्रह ३७५ मीटरच्या चौकोनात बघतो, दुसरा एक किलोमीटरच्या, आणि ते दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात. सकाळी लागून अकराला विझलेली गवताची आग निसटू शकते. माळावरचा मेंढपाळ उपग्रहाच्या आधी धूर बघतो.

हवामान खात्याचं 'मेघदूत' अॅप मराठीत आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यात वाऱ्याचा वेग-दिशा आणि आर्द्रतेचा पुढचा अंदाज येतो. शेतकरी त्यात पाऊस बघतात आणि बंद करतात. फेब्रुवारीनंतर वाऱ्याचा आकडाही बघा.

आग लागलीच तर

वनखात्याचा टोल फ्री क्रमांक १९२६, अग्निशमन १०१, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. फोनवर गावाचं नाव पुरत नाही. गट नंबर, जवळचं मंदिर, पाझर तलाव किंवा टॉवर सांगा, आणि लोकेशन पाठवा. गाडीला वाट दाखवायला एक माणूस रस्त्यावर उभा करा.

विझवायला जाताना सुती कपडे घाला, नायलॉन अंगाला चिकटतं. आगीच्या तोंडासमोर कधीच उभं राहायचं नाही. जळून काळ्या झालेल्या बाजूनं जायचं, शेपटीकडून सुरुवात करून बगलेनं कडुलिंबाच्या ओल्या डहाळ्यांनी दाबत पुढे सरकायचं. मागे काळी जमीन असली की पळायला जागा असते. डाळिंब-द्राक्षवाल्यांचा ट्रॅक्टरवरचा ब्लोअर पाणी भरून आणला तर तो लहानशा बंबासारखा चालतो, फक्त ट्रॅक्टर न जळालेल्या गवतात घालू नका. समोरून उलटा जाळ लावण्याचं धाडस करू नका. ते वनखात्याच्या सरावलेल्या माणसांचं काम आहे, वारा फिरला तर दोन आगींच्या मधे माणूस सापडतो.

विझल्यावर लगेच घरी जायचं नाही. शेणाच्या गोवऱ्या, वाळलेली बुडखी आणि बाभळीची खोडं आतून धुमसत राहतात. तास-दोन तास काठ फिरून बघायचा, पाणी किंवा माती टाकायची, आणि रात्री वारं सुटणार असेल तर एक जण राखणीला ठेवायचा.