तलवार जुनी, अक्षरे नवी

१/ जुन्या शस्त्रांच्या बाजारात संपूर्ण बनावट तलवार फारशी घातक नसते. जाणकार ती हातात घेताच खाली ठेवतो. घातक ठरते ती अस्सल जुनी तलवार, जिच्यावर नाव मात्र काल-परवा कोरलेले असते. मराठा शस्त्रांमधील खरे-खोटे कसे पारखले जाते आणि त्या पारखीवर काय अवलंबून असते, याविषयीचा हा धागा.

२/ एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावगृहात एक फिरंग विक्रीस आली. पाते युरोपीय, मूठ देशी घडणीची आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजी भोसले यांचे नाव व 'सेनासाहेबसुभा' हा किताब. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली.

३/ नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघुजी १७५५ मध्ये निवर्तले. परंतु त्या गादीवर रघुजी नावाचे तीन राजे झाले आणि किताबही पुढील पिढ्यांत चालत आला. त्यामुळे केवळ नाव वाचून काळ ठरत नाही. पाते, मूठ, अक्षरांचे वळण आणि सोन्याचे काम या चारही साक्षी एकमेकींशी जुळाव्या लागतात.

४/ पहिली साक्ष पात्याची. सोलिंगेन, जिनोआ, तोलेदो येथील पाती पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून दख्खनमध्ये येत आणि येथे त्यांना देशी मूठ बसे. म्हणून ती 'फिरंग'. मराठा तलवारीवर लॅटिन अक्षरे दिसली, तर ते संशयाचे कारण नव्हे. मात्र परदेशी शिक्काही निर्णायक पुरावा ठरत नाही.

५/ कारण नक्कल त्या काळीही होत होती. जिनोआच्या पात्यांवरील दातेरी अर्धचंद्राचा शिक्का इतर युरोपीय कारागिरांनी उचलला आणि हिंदुस्थानी लोहारांनीही. इराणच्या असदुल्ला इस्फहानीचे नाव तर इतक्या पात्यांवर आणि इतक्या वेगवेगळ्या काळांतील घडणीवर आढळते, की ते सारे काम एका माणसाच्या हातून होणे अशक्यच. अशा वेळी तलवार तीनशे वर्षांची असते आणि तिच्यावरील लबाडीही तेवढीच जुनी असते.

६/ दुसरी साक्ष पोलादाची. मुशीत वितळवून केलेल्या वूट्झ पोलादात कर्बाचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असते. त्याच्या पात्यावर उमटणारी पाण्यासारखी नक्षी, म्हणजे जौहर, धातूच्या अंतरंगातील असते. ती घासून पुसट झाली, तरी सौम्य आम्लाने किंवा हिराकशीने पुन्हा उमटते. नकली जौहर आम्लाने वरवर रेखाटलेले असते. एकदा घासले की गेले ते गेलेच. एकाच धाटणीच्या रेषा यंत्रवत पुनःपुन्हा दिसू लागल्या, तर पारखी तेथेच थांबतो.

७/ तिसरी साक्ष सोन्याची. कोफ्तगिरीत पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून पृष्ठभाग खरबरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. तहनिशानात खोबण कोरून तीत सोने भरतात. जुन्या कोफ्तगिरीतले सोने जेथे झिजते, तेथे भिंगाखाली त्या रेघा दिसतात. विजेच्या साहाय्याने चढवलेल्या मुलाम्याखाली असे काही सापडत नाही.

८/ अडचण अशी, की कोफ्तगिरी ही आजही जिवंत कला आहे आणि कुशल कारागीर जुन्या पात्यावर नवे नाव त्याच पद्धतीने बसवू शकतो. तेव्हा झीज उपयोगी पडते. गंज पात्याच्या खड्ड्यांत शिरलेला असावा आणि अक्षरेही त्याने कुरतडलेली असावीत. भोवतालचे पोलाद खाचखळग्यांनी भरलेले आणि त्यावर अक्षरे मात्र अखंड, तर ती गंजानंतर आली आहेत.

९/ मूठही बोलते. तळहात, बोटे आणि परज जेथे घासते तेथे झीज अधिक, कोपऱ्यांत कमी. सर्वत्र सारखी झीज म्हणजे आम्लाची करामत. जुन्या मुठीत पाते लाखेने बसवलेले असते. तेथे आधुनिक गोंद किंवा वेल्डिंग आढळले, तर निदान ही जोडणी तरी अलीकडची आहे.

१०/ पण नाव घालण्याची गरजच का भासते? तंजावरचे भोसले राजे दुसरे शिवाजी १८५५ मध्ये पुत्रहीन वारले आणि संस्थान खालसा झाले. तेथील शस्त्रागारातील निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली. उरलेली बरीच मोडून भंगारात काढली गेली. अशा प्रसंगांत शस्त्रे विखुरली आणि त्यांच्या नोंदी हरवल्या. नोंद हरवली, की त्या रिकाम्या जागी विक्रेता गोष्ट लिहितो.

११/ कधी गोष्ट लिहिणारा प्रामाणिकही असतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आलेल्या वाघनखांच्या पेटीवर लिहिले आहे, की ही शिवाजी महाराजांची असून ती ग्रँट डफला साताऱ्यात पेशव्यांच्या मंत्र्याकडून मिळाली. मात्र त्याच मजकुरात मारल्या गेलेल्या सरदाराला 'मोगल' म्हटले आहे. अफझलखान आदिलशाही सरदार होता आणि प्रतापगडाची भेट १६५९ ची.

१२/ या चुकीमुळे वाघनखे बनावट ठरत नाहीत. ती पेटी एकोणिसाव्या शतकातील समजूत सांगते, सतराव्या शतकातील घटना नव्हे, एवढेच त्यातून सिद्ध होते. ही वाघनखे खरोखर त्या भेटीतील आहेत की नाहीत, याची खातरजमा शक्य नसल्याचे संग्रहालयही सांगते. वस्तूचे वय आणि वस्तूची कथा यांची तपासणी स्वतंत्रपणे करायची असते, हाच त्यातला धडा.

१३/ मराठा फौजेतील बहुसंख्य तलवारी शिलेदारांच्या आणि बारगिरांच्या होत्या. त्यांची नावे कोणी सोन्यात लिहिली नाहीत. अशा तलवारीवर आज सरदाराचे नाव चढले, की किंमत अनेक पटींनी वाढते. पण पोलादावरच्या मूळ खुणा घासल्या जातात आणि निनावी शिलेदाराची उरलेली एकमेव साक्ष नाहीशी होते. कोरी, गंजलेली तलवार घरात असेल, तर तिला पॉलिश करू नये आणि तिच्यासाठी नाव शोधू नये. तिचे निनावीपण हाच तिचा अस्सल पुरावा आहे.

(समाप्त)