चांदी-सिलिकॉन सीमेचा शोध : साकोलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुका धानाच्या शेतीसाठी व तलावांसाठी ओळखला जातो. अर्धवाहकांच्या इतिहासात या तालुक्याचा उल्लेख येण्याचे कारण २०१३ मध्ये घडले. तत्कालीन केंद्रीय अवजड उद्योग मंत्री प्रफुल्ल पटेल यांच्या पुढाकाराने मुंडीपार येथे भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक उपक्रमाच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. वर्षाला ६०० मेगावॅट क्षमतेच्या सिलिकॉन चकत्या, सौरघट व सौरपट्ट तयार करण्याची ती योजना होती. सौरघटाच्या निळ्या पृष्ठभागावर ज्या बारीक रुपेरी रेषा दिसतात, त्या चांदीच्या असतात. सिलिकॉनमध्ये निर्माण झालेली वीज बाहेर येते ती याच रेषांतून. प्रस्तुत लेखात या दोन पदार्थांच्या सीमेविषयीच्या ज्ञानाचा इतिहास तपासला आहे.

सिद्धान्त आणि त्याचा अपुरेपणा

धातूचे टोक काही खनिज सल्फाइडांवर टेकविले असता वीज एकाच दिशेने सुलभपणे वाहते, हे फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्ये नोंदविले. गॅलिनावर आधारित जगदीशचंद्र बोस यांच्या ग्राहकास १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. या वर्तनाची मीमांसा वॉल्टर शॉट्की यांनी १९३८ मध्ये केली : सीमेवर इलेक्ट्रॉनांना अडविणारा एक अवरोध निर्माण होतो, आणि त्याची उंची धातूनुसार बदलते. सिलिकॉनवरील प्रयोगांत मात्र धातू बदलला तरी अवरोध फारसा बदलेना. जॉन बार्डीन यांनी १९४७ मध्ये त्याचे कारण सांगितले. स्फटिक जेथे संपतो तेथे अणूंचे काही बंध अपुरे राहतात; त्यांतून निर्माण होणाऱ्या पृष्ठ-अवस्था इलेक्ट्रॉन धरून ठेवतात व धातूचा प्रभाव झाकून टाकतात. पदवी वर्गात शॉट्कींची आकृती आवर्जून शिकविली जाते, बार्डीन यांची दुरुस्ती अनेकदा गाळली जाते. वास्तविक पुढील सारे संशोधन त्या दुरुस्तीतूनच उद्भवले आहे.

पृष्ठभागाचे वाचन

पृष्ठभाग अभ्यासावयाचा तर तो स्वच्छ हवा. साध्या निर्वात पात्रात काही सेकंदांतच त्यावर वायूचा थर बसतो. अतिउच्च निर्वाताचे तंत्र विकसित झाल्यावर श्लीअर व फार्न्सवर्थ यांना १९५९ मध्ये सिलिकॉनच्या (१११) पृष्ठभागावर, मूळ स्फटिकाच्या सातपट अंतराने पुनरावृत्त होणारी रचना आढळली. तिचे सर्वमान्य प्रतिमान ताकायानागी व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दिले. म्हणजे त्यास सव्वीस वर्षे लागली.

याच पृष्ठभागावर चांदीचा अणुमात्र जाडीचा थर देऊन तापविले असता रचना पूर्णतः बदलते. पुनरावृत्तीचे अंतर तीनच्या वर्गमूळाइतके होते व जाळी ३० अंशांनी वळते. १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन विवर्तनाने चांदीच्या या थराचा अभ्यास झाला होता. पण चांदीचे अणू नेमके कोठे बसतात, हा वाद दोन दशके चालला. १९८७ मध्ये स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने त्याचा निकाल लागेल अशी अपेक्षा होती. घडले ते निराळेच. आयबीएमच्याच दोन प्रयोगशाळांचे दोन शोधनिबंध एकाच अंकात, पाठोपाठच्या पानांवर प्रसिद्ध झाले. दोघांच्याही चित्रांत मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती. एका गटाने तिच्यातील ठिपके चांदीचे अणू मानले, दुसऱ्याने सिलिकॉनचे. १९८८ मध्ये क्ष-किरण विवर्तनातून पुढे आलेल्या प्रतिमानाने दोन्ही अर्थ बाजूला सारले. ठळक ठिपक्यांच्या जागी अणू नव्हताच. ते चांदीच्या तीन अणूंच्या त्रिकोणाचे मध्य होते. सूक्ष्मदर्शक इलेक्ट्रॉनांच्या अवस्था दाखवीत होता, आणि पाहणारे तेथे अणू पाहत होते.

इलेक्ट्रॉनांचे वर्तनही येथे लक्षणीय आहे. चांदी सिलिकॉनचे अपुरे बंध भरून काढते, आणि त्या एका थरातील इलेक्ट्रॉन पृष्ठभागाला समांतर जवळजवळ मुक्तपणे संचार करतात.

कारखान्यातील सीमा

बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सौरघट दाखविला. पुढे रूढ झालेल्या छपाई पद्धतीत चांदीची भुकटी व काचेची पूड असलेला लेप जाळीतून छापून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजतात. वितळलेली काच वरचे सिलिकॉन नायट्राइडचे आवरण खाते, आणि चांदीचे सूक्ष्म स्फटिक सिलिकॉनमध्ये रुजतात. प्रयोगशाळेतील निर्मळ थराशी या सीमेचे साम्य थोडेच. वीज या स्फटिकांतून थेट रेषेत जाते की मधल्या काचेच्या पातळ थरातून सुरंगनाने, यावर संशोधकांत दीर्घकाळ मतभेद राहिले. कारखान्यांनी त्या निर्णयाची वाट पाहिली नाही. लेपाचे मिश्रण व भट्टीचे तापमान अनुभवाने ठरत गेले. हे ज्ञान शोधनिबंधांत फारसे सापडत नाही, ते उत्पादन करणाऱ्यांच्या हाती असते.

मुंडीपारला ते येणार होते. तेथील शेतकऱ्यांनी त्यासाठी जमिनी दिल्या. पायाभरणीनंतरच्या दशकात मात्र तेथे एकही सौरघट तयार झाला नाही, आणि जमिनी परत कराव्यात अशी मागणी पुढे आली. दरम्यान राज्यात सौर कृषी पंपांच्या योजना आल्या. धानाच्या बांधावर उभ्या राहिलेल्या पट्टांवरील चांदीच्या रेषा अन्यत्र भाजलेल्या आहेत.