शाहजाद्याच्या अंगावरून उतरलेला झगा: पुरुषांचा उंची पोशाख इतका महाग का?

नोव्हेंबर १६१६. शाहजादा खुर्रम अजमेरहून दख्खनच्या मोहिमेवर निघाला होता. लक्ष्य होते अहमदनगरची निजामशाही आणि तिचा खरा कर्ता, मलिक अंबर. निरोप घेण्यासाठी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्या पाठीवर शाहजाद्याच्या आज्ञेवरून एक भरजरी झगा चढवण्यात आला. झगा नवा नव्हता. शाहजाद्याने तो स्वतः एकदोनदा वापरला होता. रोने नाखुशीनेच मुजरा केला आणि रोजनिशीत खवचट शेरा लिहून ठेवला की, रंगभूमीवर तैमूरलंगाचे काम करणाऱ्या नटाला हा झगा चांगला शोभला असता. मात्र त्याच रोजनिशीत त्याने हेही नोंदवले आहे की, राजपुरुषाने वापरलेले, किंवा नवे असले तरी निदान एकवार त्याच्या खांद्यावर ठेवलेले वस्त्र मिळणे हा या देशात सर्वोच्च मान समजला जातो.

आज एखाद्या नामांकित डिझायनरचे जॅकेट लाखाच्या घरात का जाते, हा प्रश्न वरचेवर विचारला जातो. कापड तेच, शिलाई थोडी सरस, मग किंमत पन्नासपट कशी? उत्तर शोधण्यासाठी पॅरिस-मिलानला जाण्यापूर्वी खुर्रमच्या मोहिमेचा शेवट पाहणे उपयोगी ठरेल.

मोहीम यशस्वी झाली. आदिलशहाच्या मध्यस्थीने अहमदनगरच्या किल्ल्याच्या किल्ल्या मोगलांच्या हाती आल्या. (मलिक अंबराने पुढे अल्पावधीतच सारे उलटवले, तो विषय वेगळा.) ऑक्टोबर १६१७ मध्ये मांडूच्या दरबारात जहांगीराने मुलाला ‘शाहजहान’ हा किताब दिला, सिंहासनाजवळ बसण्यास आसन दिले आणि एक खास खिलत दिली. गळा, बाह्यांची टोके आणि घेर यांवर मोती जडवलेल्या त्या जरीच्या पोशाखाची किंमत स्वतः बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे: ५०,००० रुपये.

ही रक्कम केवढी? ‘आईन-ए-अकबरी’त साध्या मजुराची रोजी दोन दाम दिली आहे आणि एका रुपयाचे दाम चाळीस. त्या दराने ५०,००० रुपये म्हणजे दहा लाख दिवसांची मजुरी. एका माणसाने एकही खाडा न करता राबायचे म्हटले तर सुमारे २,७४० वर्षे.

यातला मोठा भाग मोत्यांचा होता, हे उघड आहे. परंतु व्यवहार इथे संपत नाही. त्याच प्रसंगी शाहजहानने जी पेशकश सादर केली, तिची एकूण किंमत जहांगीराने २२,६०,००० रुपये सांगितली आहे. त्यात दख्खनच्या दरबारांतून आलेले हत्ती आणि जवाहीर होते. म्हणजे पोशाख ‘भेट’ मिळाला खरा, पण त्याचे मोल घेणाऱ्याच्या बाजूने कितीतरी पटींनी मोजले गेले, आणि ते अखेर दख्खनच्या रयतेच्या महसुलातून आले.

मोगल दरबारात खिलतीच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. तीन वस्त्रांची, पाच वस्त्रांची, सात वस्त्रांची. या सर्वांच्या वर होती ‘मलबूस-ए-खास’, म्हणजे बादशहाने स्वतः अंगावर घातलेले वस्त्र. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कापड म्हणून पाहिले तर वापरलेल्या वस्त्राची किंमत नव्यापेक्षा कमी व्हायला हवी. दरबारात ती वाढत होती. जे विकत होते ते कापड नव्हते, अंतर होते: सिंहासनापासून तुम्ही किती जवळ आहात, ते चारचौघांत दिसेल अशा रूपात.

जहांगीर या बाबतीत विलक्षण जाणकार होता. काही विशिष्ट वस्त्रे आणि कापडे त्याने स्वतःसाठी राखून ठेवली आणि आपण बहाल केल्याखेरीज ती कोणी वापरू नयेत असा हुकूम काढला. त्यांत कबाच्या वरून घालायचा, बिनबाह्यांचा, पुढून गुंड्या लावायचा एक अंगरखा होता. इराणात तो प्रकार ‘कुर्दी’ या नावाने आधीपासून प्रचलित होता. जहांगीराने त्याचे नाव ठेवले ‘नादिरी’, म्हणजे दुर्मीळ. वस्तू जुनीच, नाव नवे, पुरवठ्यावर बंदी. आजच्या कोणत्याही फॅशनगृहाच्या विक्री-विभागाने धडा घ्यावा असे हे उदाहरण आहे, आणि बहुधा धडा न घेताच ते तसेच वागतात: ‘बर्बेरी’ या ब्रिटिश कंपनीने आधीच्या आर्थिक वर्षात सुमारे २.८६ कोटी पौंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. स्वस्तात विकला तर नाव उतरेल, म्हणून तो नष्ट करणे परवडले. टीकेनंतर त्याच वर्षी कंपनीने ही प्रथा थांबवल्याचे जाहीर केले.

आता मराठ्यांकडे वळू. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात इतरांना खिलती मिळाल्या आणि शिवाजी महाराजांना मिळाली नाही. नंतर देऊ केलेली खिलत त्यांनी अंगावर घालण्यास साफ नकार दिला. हा प्रसंग बहुधा स्वाभिमानाची कथा म्हणून सांगितला जातो आणि ती तशी आहेच. पण त्यात एक व्यावहारिक जाणही होती. खिलत स्वीकारणे म्हणजे देणाऱ्याची पायरी मान्य करणे. जो ती नाकारतो, तो त्या वस्त्राची किंमत एका क्षणात शून्यावर आणतो.

पुढे मराठी राज्यातही हीच भाषा रुळली. ‘पेशवाईची वस्त्रे’ हा शब्दप्रयोगच पाहावा. पद आणि पोशाख यांत भेद उरलेला नाही. १७ एप्रिल १७२० रोजी मसूर येथे शाहू महाराजांनी पहिल्या बाजीरावास वस्त्रे दिली, म्हणजेच पद दिले. सरदारांना मिळणारा शिरपाव, दरबारी पोशाखांची सनगे, ती सांभाळणारा जामदारखाना, हे सारे मानाचे हिशेब होते.

सर्वांत बोलके उदाहरण १७९२ चे आहे. नगर जिल्ह्यातील श्रीगोंदे आणि जामगाव ही ज्यांची महत्त्वाची ठाणी, ते महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीची वस्त्रे घेऊन पुण्यास आले. तो बादशहा, दुसरा शाहआलम, १७८८ मध्ये गुलाम कादिराच्या हातून दृष्टी गमावून बसला होता आणि महादजींच्याच आधारावर गादीवर टिकून होता. तरीही त्याच्या नावाच्या वस्त्रांसाठी पुण्यात भव्य समारंभ झाला. सवाई माधवराव शेजारच्या तंबूत जाऊन ती वस्त्रे परिधान करून आले. नाना फडणविसांना हा प्रकार रुचला नव्हता. सातारच्या छत्रपतींची परवानगी घेतल्यावरच गोष्ट पुढे सरकली. सत्ता संपली होती, छाप शिल्लक होती. ज्याने ही छाप पुण्यात आणली, त्याला तिच्या मागची तिजोरी रिकामी असल्याचे इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते.

युरोपात हीच छाप पुढे शिंप्याच्या हाती गेली. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रजाने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये पेढी काढली आणि वस्त्राच्या आत स्वतःच्या नावाची पट्टी शिवू लागला. त्याची गिऱ्हाइके स्त्रिया होत्या. पुरुषांच्या कपड्यांना डिझायनरचे नाव लागण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावली. आता मान बादशहाच्या अंगातून नव्हे, तर कारागिराच्या नावातून झिरपू लागला. अर्थात जुना मार्गही बंद झालेला नाही. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वापरलेला, ज्याच्या रेघांत त्यांचेच नाव विणलेले होते तो सूट फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरतेच्या लिलावात ४.३१ कोटी रुपयांना गेला. टॉमस रोला त्यात नवल वाटले नसते.

जुन्या आणि नव्या महाग पोशाखांत एक फरक मात्र आहे, आणि तो ग्राहकाच्या विरोधात जातो. गोदाकाठच्या पैठणला विणलेल्या शेल्यात किंवा पागोट्यात कलाबतू असे, म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली सोन्या-रुप्याची तार. वस्त्र जीर्ण झाले तरी ते जाळून धातू परत मिळवता येई. किंमतीचा एक भाग तराजूवर टिकून राही. आजच्या डिझायनर सुती शर्टात असे काहीच उरत नाही. त्यातली किंमत जवळजवळ सगळी नावाची, जाहिरातीची, दुकानाच्या भाड्याची आणि मुद्दाम राखलेल्या टंचाईची असते. चांगले कापड आणि तासन्तासांची हातशिलाई यांनी किंमत दुप्पट-चौपट होणे समजू शकते. त्यापुढचा आकडा दरबारी असतो.

आणि विणणाऱ्याचे काय? अहमदनगर शहर वसल्यावर लवकरच भिंगारला माग बसले, असे ब्रिटिशकालीन गॅझेटियर सांगते. लुगडी आणि पागोटी हा इथला मुख्य माल. ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा किल्ला वेलस्लीने घेतला, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मानाच्या वस्त्रांची मागणी ओसरली. माग थांबले नाहीत. पण सूत व्यापाऱ्याकडून उचल म्हणून आणायचे, विणलेले त्यालाच द्यायचे, हातात मजुरी, ही अनेक विणकरांची रीत झाली. पुढे गिरण्यांचा स्वस्त कपडा आला, दुष्काळ आले.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी नगरात एक सुधारलेला, अधिक वेगाने चालणारा हातमाग तयार केला. गिरणीपुढे विणकराचा निभाव लागावा, हा हेतू प्रामाणिक होता आणि यंत्रही चांगले होते. परंतु वेगाने केवळ वार वाढतात. शाहजाद्याच्या झग्यात जी किंमत होती, ती वारावर कधीच मोजली जात नव्हती. माग वेगवान होत होता, त्याच काळात पागोटे बांधणाऱ्यांची मुले टोपी घालू लागली होती.