झाडावर चढताना करवत ठेवायची कुठे? फांद्या छाटणाऱ्यांच्या सुरक्षेची गोष्ट

एप्रिल-मे उजाडला की मुंबईच्या उपनगरांत झाडांच्या फांद्या छाटण्याची लगबग सुरू होते. अंधेरीच्या गल्लीत गुलमोहर, बोरिवलीच्या सोसायटीत जांभूळ, मुलुंडच्या रस्त्यावर पर्जन्यवृक्ष, घाटकोपरच्या चाळीमागे शेवगा. खाली दोर धरून एक जण उभा असतो आणि वर फांदीवर दुसरा. त्याच्या हातात असते साधी हातकरवत.

या करवतीने फांदी कापताना धोका असतो, हे कुणालाही कळतं. पण झाडावरच्या कामाचा बराचसा वेळ कापण्यात जातच नाही. तो जातो चढण्यात, एका फांदीवरून दुसरीवर सरकण्यात, दोर बांधण्यात आणि उतरण्यात. या सगळ्या वेळात करवत कुठे असते? कंबरेला उघडी खोचलेली, खांद्यावर अडकवलेली की नीट कव्हरमध्ये? प्रश्न अगदी छोटा वाटतो, पण चढणाऱ्याचा आणि खालून जाणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

मुळात माणूस झाडावर का चढतो?

पावसाळ्यात झाडं आणि फांद्या कोसळणं मुंबईला नवं नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून सकाळी फिरायला निघालेल्या एका महिलेचा मृत्यू झाला होता. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता आणि शहरभर झाडं उन्मळून पडली होती.

महापालिकेच्या वृक्षगणनेनुसार मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं आहेत. रस्त्यावरच्या झाडांची छाटणी पालिकेचं उद्यान खातं कंत्राटदारांमार्फत करून घेतं. सोसायटीच्या आवारातल्या झाडांची जबाबदारी मात्र सोसायटीची. त्यासाठी पावसाळ्याआधी पालिका सोसायट्यांना नोटिसाही पाठवते.

मोठ्या रस्त्यावर शिडीची गाडी आणता येते. पण दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या जागेत किंवा पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात गाडी जात नाही. तिथे माणसालाच चढावं लागतं. यंत्राची करवत जड असते, ती चालवायला दोन्ही हात लागतात. त्यामुळे मनगटाएवढ्या किंवा दंडाएवढ्या फांदीसाठी आजही हातकरवतच सोयीची ठरते.

उघडी करवत सोबत नेली तर काय होतं?

पहिला धोका अंगाला. कंबरेला खोचलेल्या करवतीचे दाते मांडी, पोट किंवा पाठीला लागलेले असतात. माणूस वाकला, घसरला किंवा त्याने पाय वर उचलला की ते आत घुसतात.

दुसरा धोका दोराला. सैल दोर करवतीने पटकन कापला जात नाही, तो मागेपुढे हलतो. पण त्याच दोराला माणसाचं वजन लटकलेलं असेल, तर तो ताणलेला असतो. ताणलेल्या दोरावर धारदार करवतीचा एखादा घाव बसला तरी तो तुटू शकतो.

तिसरा धोका खालच्या माणसाला. साधारण तिसऱ्या मजल्याएवढ्या, म्हणजे १० मीटर उंचीवरून करवत सुटली तर ती जेमतेम दीड सेकंदात जमिनीवर येते. त्या वेळी तिचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. खालून ‘बाजूला व्हा’ अशी हाक ऐकून मान वर करेपर्यंत ती पोहोचलेली असते.

चौथी गोष्ट तोलाची. करवत हातात धरून चढणाऱ्याकडे झाड पकडायला एकच हात उरतो. दातांत किंवा काखेत धरली तर मान आणि खांदा अडकतो. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, हा या कामाचा पहिला नियम आहे.

कोकणातल्या आकडीने काय शिकवलं?

हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी सुटलेला आहे, फक्त अवजार वेगळं होतं. कोकणात नारळ उतरवणारे आणि माडी काढणारे कोयता हातात घेऊन माडावर चढत नाहीत. कंबरेला दोरी बांधून तिला मागच्या बाजूला आकडी लावतात आणि कोयता त्यात अडकवतात. पोट आणि छाती माडाला घासत असते, म्हणून पुढची बाजू मोकळी. हात मागे नेला की न बघता मूठ सापडते.

यातून तीन गोष्टी कळतात. अवजाराची जागा ठरलेली हवी, ती चढण्याच्या आड येता कामा नये आणि अवजार एका हाताने काढता-ठेवता यायला हवं.

मग करवतही आकडीलाच का लावू नये? कोयता आखूड आणि जड असतो, त्यामुळे तो सरळ खाली लोंबतो. करवतीचं पातं लांब, पातळ आणि लवचिक असतं, शिवाय तिला टोकापर्यंत दाते असतात. ती हेलकावते आणि जिथे टेकेल तिथे ओरखडा काढते. म्हणून करवतीला नुसती आकडी पुरत नाही, पूर्ण पातं झाकणारं कव्हर म्हणजे म्यान लागतं.

अमेरिकेत झाडांवर काम करणाऱ्यांसाठी ‘झेड १३३’ नावाचं सुरक्षा मानक आहे. वापरात नसलेली हातकरवत म्यानात घालून पट्ट्याला किंवा हार्नेसला अडकवावी, असं तेही सांगतं.

म्यान बांधायचं कुठे?

याचं एकच उत्तर नाही. झाड, करवतीची लांबी आणि चढण्याची पद्धत यावर ते ठरतं.

*पोटरीला:* सुमारे एक फूट पात्याच्या वाकड्या करवतीसाठी बरेच व्यावसायिक ही जागा निवडतात. म्यान पोटरीच्या बाहेरच्या बाजूला, मूठ वर, आणि वर-खाली दोन पट्टे. हार्नेसमध्ये बसलेल्या माणसाने गुडघा वर घेतला की मूठ आपोआप हाताशी येते. कंबर वाकवली तरी काही टोचत नाही. मात्र एकच पट्टा असेल तर म्यान गोल फिरतं. पट्टा फार आवळला तर पायाला मुंग्या येतात. दाट फांद्यांत मूठ अडकण्याची शक्यताही राहते.

*कंबरेच्या बाजूला:* करवत पटकन हाताला लागते, पण बसताना मूठ बरगडीला टोचते. म्यान वरून घट्ट न बांधता हार्नेसच्या कडीला लोंबतं ठेवलं तर ते पायासोबत हलतं आणि त्रास कमी होतो. बाजू मात्र नेहमी तीच हवी, म्हणजे दोराच्या कड्यांची आणि करवतीची गल्लत होत नाही.

*कंबरेच्या मागे:* आकडीसारखीच जागा. खोडाला बिलगून चढायचं असेल तर ही बरी. पण करवत परत ठेवताना म्यानाचं तोंड दिसत नाही, त्यामुळे पातं बाहेरून सरकून मांडीला लागू शकतं. इथे रुंद तोंडाचं म्यान हवं.

*सोबत न्यायचीच नाही:* लांब करवतीसाठी हा सर्वांत सोपा मार्ग आहे. माणसाने मोकळ्या हाताने चढायचं, नीट बसून स्वतःला दोराने बांधून घ्यायचं आणि मग खालच्या साथीदाराने दुसऱ्या दोराला बांधलेली करवत वर ओढून घ्यायची. उतरतानाही तसंच. करवत वरून फेकायची नाही.

म्यान कसं असावं?

पातं आत गेल्यावर ते आपोआप बाहेर येता कामा नये. त्यासाठी खटका, बटणाचा पट्टा किंवा घट्ट बसणारं तोंड हवं. माणूस उलटा झाला तरी करवत आतच राहते का, हे जमिनीवरच तपासता येतं. म्यान उलटं धरून दोन-तीनदा झटकायचं, बस्स.

तळाला छोटं भोकही हवं. भुसा, पाणी आणि चीक आत साचला की पातं गंजतं आणि अडकतं. मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होतं. वड, फणस यांचा चीक दातांत बसतो. केरोसीनच्या फडक्याने तो निघतो. पातं पुसून तेलाचा हात फिरवला की काम झालं.

तयार म्यान मिळालं नाही तर जाड ताडपत्री किंवा चामड्याचं शिवून घेता येतं. फक्त ज्या बाजूला दाते येतात तिथली शिवण आतून फाटू नये, म्हणून तिथे प्लास्टिकच्या पाइपची उभी चिरलेली पट्टी घालावी लागते. घडीची करवत असेल तर ती पूर्ण मिटवून, खटका लागल्याची खात्री करूनच ठेवायची. साध्या खिशात मात्र नाही, कारण वाकलं की ती निसटते.

करवतीला दोरी बांधावी का?

करवत हातातून निसटली तर खाली जाऊ नये म्हणून मुठीला पातळ दोरी बांधून ती हार्नेसला जोडता येते. गर्दीच्या फुटपाथवर याचा फायदा आहे. पण कापलेली फांदी पडताना करवत तिच्यात अडकली, तर मजबूत दोरी माणसालाही ओढेल. म्हणून ही दोरी करवतीचं वजन पेलण्यापुरती असावी, फांदीच्या झटक्याने तुटेल इतकी नाजूक.

कापताना मात्र माणूस एकाच दोरावर असू नये. मुख्य दोराशिवाय खोडाभोवती दुसरा पट्टा हवा. करवतीने एक कापला गेला तरी दुसरा धरून ठेवतो.

सोसायटीने काय बघायचं?

छाटणी ठरवताना बहुतेक सोसायट्यांचा पहिला प्रश्न ‘किती घेणार?’ असा असतो. त्यासोबत आणखी काही प्रश्न विचारायला हवेत.

• परवानगी आहे का? महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ नुसार झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं. त्यामुळे छाटणीसाठीही आधी पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याकडे अर्ज करावा लागतो.

• चढणाऱ्याकडे हेल्मेट आणि पूर्ण अंगाचा हार्नेस आहे का? हार्नेससाठी आयएस ३५२१ हे भारतीय मानक आहे.

• करवत आणि कोयता म्यानात आहेत का? हे तर गेटवर उभ्या असलेल्या वॉचमनलाही एका नजरेत दिसतं.

• झाडाखालची जागा दोरीने बंद केली आहे का? गाड्या हलवल्या, पण मुलं खेळतातच आहेत, असं होऊ नये.

• जवळून विजेची तार जाते का? जात असेल तर आधी वीज कंपनीला कळवायचं. पात्यातून वीज वाहते.

• खाली उभा असलेला माणूस वरच्याला सुखरूप उतरवू शकतो का? रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अग्निशमन दलासाठी १०१ हे क्रमांक त्याच्याकडे हवेत.

फांदी पडली किंवा झाड धोकादायक वाटलं तर पालिकेच्या आपत्कालीन कक्षाला १९१६ वर कळवता येतं.

चांगलं म्यान आणि दोन पट्टे यांचा खर्च अख्ख्या छाटणीच्या बिलात फारसा जाणवतही नाही. पण कंत्राटदार तो स्वतःहून करेलच असं नाही, आणि रोजंदारीवरचा माणूस मागेलच असंही नाही. काम देणाऱ्याने ‘करवत उघडी असेल तर झाडावर चढायचं नाही’ एवढी एक अट घातली, तरी वरचा माणूस आणि खालचा फुटपाथ दोघंही बरेच सुरक्षित होतात.