दगड आपला, देव त्यांचा

ग्रीक कारागीर नखाएवढ्या खड्यावर हेराक्लीस आणि सिंहाची अख्खी झुंज कोरायचे. गिरमिटाच्या टोकाला तेल आणि कुरुंदाची पूड लावून हळूहळू दगड झिजवायचा. असा खडा अंगठीत बसवला आणि मेणावर दाबला, की झाला शिक्का! थराथरांचा ऑनिक्स मिळाला तर पांढऱ्या थरात देव, मागे गडद थर.

आता हे मी कंधारला बसून का सांगतोय? कारण पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी पुस्तकात आपला मराठवाडा आहे. पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर. तगराहून कापड, पैठणहून ऑनिक्स गाड्यांत भरून भडोच बंदराला जायचा. पैठण ते भडोच वीस दिवस, तेही धड रस्ता नसताना! पुढे जहाजानं पश्चिमेला.

संग्रहालयातल्या पाटीवर खडा कोरणाऱ्याचा देश लिहितात. गाडीवाल्याचं गाव कोण लिहिणार? म्हणून मराठवाड्याला कुणी नुसतं 'मागास' म्हटलं, की मी ही दोन नावं सांगतो. आणि तेरचं लामतुरे संग्रहालय बघायला विसरू नका. लातूरच्या पुढेच तर आहे!