जोशुआवृक्षांच्या रानात

रात्री वाट दिसावी म्हणून उभे झाड पेटवायचे! कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात मोटारी शिरल्या त्या काळी असेही घडे. झाड कोणते, तर जोशुआवृक्ष. वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन इंच वाढणारे. हौशी मंडळी निवडुंगही उपटून लॉस एंजेलिसच्या बागांत नेत.

पासाडेनाच्या मिनर्व्हा हॉइट या बाईंना मी मनोमन हात जोडतो. त्यांनी वाळवंटी वनस्पतींची प्रदर्शने न्यूयॉर्क-लंडनपर्यंत नेली, सरकारची पाठ सोडली नाही. अखेर १९३६ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सुमारे सव्वाआठ लाख एकर जमीन राखून ठेवली. १९५० साली खाणींसाठी तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा काढून घेतला गेला. १९९४ साली बरीचशी परत मिळून राष्ट्रीय उद्यान झाले.

नाव झाले आणि माणसे लोटली. २०१३ साली सुमारे १४ लाख, तर २०२१ साली ३० लाखांवर! आता वाहनतळ आणि रस्ते वाढवावेत, तर ते कोणाच्या जागेवर? २०१८-१९ च्या हिवाळ्यात अमेरिकन सरकारचे कामकाज ३५ दिवस ठप्प होते. रखवालदार थोडे, वाटा मोकळ्या. मोटारवाल्यांनी रानातून नव्या वाटा पाडल्या. काही जोशुआवृक्ष तोडलेले आढळले. तेथे आज रोप लावले, तरी ते माणसाच्या उंचीचे व्हायला पंचवीस-तीस वर्षे हवीत.