हरितलवक : हिरव्या रंगामागची रचना आणि कार्य

कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव असलेले जळगावलगतचे असोदा खवय्यांना परिचित आहे ते भरिताच्या वांग्यांमुळे. वांगे म्हटले, की अनेकांच्या डोळ्यांसमोर जांभळा रंग येतो. खानदेशातील भरिताचे वांगे मात्र फिकट हिरवे असते. जांभळ्या वांग्याचा रंग सालीच्या पेशींतील रिक्तिकांमध्ये विरघळलेल्या अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो, तर हिरव्या वांग्याचा रंग हरितलवकांतील हरितद्रव्याचा असतो. बियाण्यासाठी झाडावर राखलेले हेच वांगे पक्व होताना पिवळे पडते. कारण त्यातील हरितद्रव्याचे विघटन झालेले असते. वांग्यात हा बदल स्वाभाविक असला, तरी उभ्या पिकाच्या पानात तोच बदल अवेळी दिसला, तर तो धोक्याचा इशारा ठरतो.

रचना

हरितलवक हे वनस्पतीपेशीतील अंगक आहे. त्याची लांबी साधारण ५ ते १० मायक्रोमीटर असते. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेत शंभर ते दोनशे हरितलवके मावतील. पानाच्या एकेका पेशीत अशी अनेक हरितलवके असतात. प्रत्येकाभोवती दुहेरी आवरण असते. आत पीठिका (स्ट्रोमा) नावाचा द्रव आणि त्यात थायलॅकॉइड या चपट्या पिशव्या असतात. नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचलेल्या या पिशव्यांच्या समूहाला ग्राना म्हणतात. हरितद्रव्य असते ते या पिशव्यांच्या पटलात.

हरितलवकाला स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो. प्रकाशसंश्लेषण करणारा सायनोजिवाणू शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका मोठ्या पेशीत सामावला गेला आणि त्याच्यापासून हरितलवक उत्क्रांत झाले, असे शास्त्रज्ञ मानतात.

कार्य

प्रकाशसंश्लेषण दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात थायलॅकॉइड पटलातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषते, पाण्याच्या रेणूचे विघटन होते आणि प्राणवायू बाहेर पडतो. या वेळी साठवलेली ऊर्जा वापरून दुसऱ्या टप्प्यात, पीठिकेत, कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा तयार होते. या रासायनिक चक्राचा उलगडा केल्याबद्दल अमेरिकी शास्त्रज्ञ मेल्विन कॅल्विन यांना १९६१ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या टप्प्याची सुरुवात रुबिस्को या विकराने होते. तापमान वाढले, की हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायूलाही अधिक प्रमाणात पकडू लागते आणि वनस्पतीची कमाई घटते. कापूस, केळी व वांगी या पिकांना खानदेशातील उन्हाळ्यात हा तोटा सोसावा लागतो. ज्वारी आणि मक्याची व्यवस्था निराळी आहे. ही पिके कार्बन डायऑक्साइड आधी बाहेरच्या पेशींत पकडतात आणि मग शिरांभोवतीच्या पेशींतील हरितलवकांना तो एकवटून पुरवतात. त्यामुळे कडक उन्हातही त्यांचे काम तुलनेने चांगले चालते.

पान पिवळे का पडते?

हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याभोवती नत्राचे चार अणू असतात. लोह या रेणूचा घटक नसले, तरी तो तयार होण्यासाठी आवश्यक असते. यांपैकी काहीही कमी पडले, तरी हिरवेपणा घटतो. मात्र कोणते पान आधी पिवळे पडते, यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून नव्या पानांकडे हलवू शकते. त्यामुळे त्यांची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते. लोह तसे सहज हलत नाही, म्हणून त्याच्या अभावी कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही.

कपाशीवरील ‘लाल्या’ हे याच साखळीतील उदाहरण. मॅग्नेशियम व नत्राची कमतरता, पाण्याचा ताण किंवा रात्रीच्या तापमानातील घट यांमुळे हरितद्रव्य कमी होते, अँथोसायनिन वाढते आणि पान लालसर दिसू लागते.

केळीवरील कुकुंबर मोझॅक विषाणूची गोष्ट वेगळी. त्यानेही पानांवर पिवळसर पट्टे उमटतात. परंतु तो आजार असल्याने खतांचा मात्रा देऊन बरा होत नाही. मावा ही कीड त्याचा प्रसार करते. रोगट झाडे लवकर उपटून नष्ट करणे आणि माव्याचा बंदोबस्त करणे हाच उपाय उरतो.

पिकण्याचा पिवळेपणा

कच्च्या केळीच्या सालीतही हरितलवके असतात. फळ पिकताना हरितद्रव्य नाहीसे होते आणि मुळातच असलेली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये उठून दिसतात. कॅव्हेंडिश गटातील केळी साधारण २४ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात पिकवली, तर गर मऊ होतो. साल मात्र हिरवट राहते. केळी पिकवण्याची केंद्रे थंड ठेवली जातात, त्यामागे हेही एक कारण आहे.

पानाचा पिवळेपणा हरितलवकातील बिघाड दाखवतो, पण त्याचे कारण प्रत्येक वेळी एकच नसते. त्यामुळे दिसले पिवळे की टाकला युरिया, असे करण्याआधी पान जुने आहे की कोवळे, हे पाहणे आणि माती तपासून घेणे शेतकऱ्याच्या खिशाला परवडणारे ठरते.